खरेदीखत झालं म्हणजे जमीन गेली असं नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलेली हकीकत अशी. तासगाव तालुक्यात तुमच्या आबांची द्राक्षबाग. २०२२ च्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर औषधाला आणि मजुरीला पैसा उभा राहीना, म्हणून गावातल्याच एकाकडून महिना शेकडा पाचनं चार लाख घेतले. त्यानं "मुदत खरेदी" म्हणत वीस गुंठ्यांचं सरळ खरेदीखत करून घेतलं. पैसे फिटले की फिरवून देतो, हे मात्र तोंडी. वर सही केलेले तीन कोरे चेक. सव्वीस महिने आबांनी दरमहा वीस हजार भरले. आता तो म्हणतो मुद्दल तशीच आहे, बाग खाली करा. आणि गावातले जाणते सांगतात, रजिस्टर दस्त झालाय, आता काही होत नाही.

गावातले जाणते चुकत आहेत. माझ्या चुलत्यांची खटाव तालुक्यातली तीस गुंठे जमीन अशाच कागदावर गेली होती आणि ती परत आली. वेळ लागला, चपला झिजल्या, पण आली. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायदा काय म्हणतो ते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चं कलम १८ तुमच्यासाठीच आहे. सावकारीच्या व्यवहारात कर्जदाराची जमीन विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल अशा कोणत्याही रूपानं सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतो आणि जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतले व्यवहार यात येतात, म्हणजे तुमचा सहज बसतो. "विक्री" हा शब्द कलमातच आहे, हे नीट ध्यानात घ्या. कागदावर खरेदीखत लिहिलंय म्हणून दार बंद होत नाही. जिल्हा निबंधक म्हणजे आपल्याकडे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडेही देता येतो.

हे काही आजचं दुखणं नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं काढून जाळली, तेव्हा सरकारला जाग आली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, सातारा, सोलापूर, नगर. तुमचं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. त्या कायद्यात पुढे अशी तरतूद आली की दस्तावर विक्री लिहिलेली असली तरी व्यवहार खरा कशाचा होता हे कोर्टानं पाहावं. म्हणजे कर्ज देऊन खरेदीखत लिहून घेण्याची ही रीत आपल्या भागात शंभर वर्षांहून जुनी आहे आणि कायद्याला ती तेव्हापासून माहीत आहे. आबा एकटे भोळे निघाले असं त्यांना कृपा करून वाटू देऊ नका. माझे चुलते वर्षभर घरात कुणाशी बोलले नव्हते. त्या वर्षात सावकारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला जमीन दाखवायला सुरुवात केली होती.

आता हिशोब. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. चार लाखांवर नऊ टक्क्यांनी सव्वीस महिन्यांचं व्याज होतं ७८ हजार. मुद्दल धरून ४ लाख ७८ हजार. आबांनी दिलेत ५ लाख २० हजार. परवानाधारक सावकाराचंही एवढ्यात फिटून वर ४२ हजार उरले असते. शिवाय दामदुपटीचा नियम आहेच, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हा हिशोब एका कोऱ्या कागदावर आबांच्या समोर बसून मांडा. त्यांना तो दिसणं गरजेचं आहे.

त्या माणसाकडे परवाना आहे का, हे सहायक निबंधकांच्या कार्यालयात लेखी विचारा. नसेल, तर कलम ३९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कलम १३ प्रमाणे, कर्ज दिलं त्या दिवशी परवाना नसेल तर कोर्ट त्याच्या बाजूनं वसुलीचा हुकूमनामा करू शकत नाही.

खरी लढाई पुराव्याची आहे, आणि इथेच बहुतेक अर्ज पडतात. समोरचा दोनच गोष्टी म्हणणार: मी जमीन विकत घेतली, किंवा मी एकदाच हातउसने दिले, मी सावकार नाही. दुसरं म्हणणं जास्त धोक्याचं. एखाद्याला एकदा उसने देणं म्हणजे सावकारी नव्हे, धंदा दाखवावा लागतो. आमचाही पहिला अर्ज याच मुद्द्यावर लटकला होता. मग एका जाणत्या वकिलांनी सुचवलं की आमच्या त्या सावकाराच्या नावानं झालेल्या खरेद्या शोधा. नोंदणी खात्याकडे दस्तांची सूची असते, इंडेक्स टू म्हणतात ती. आम्ही आजूबाजूच्या तीन गावांचे दस्त काढले. सहा वर्षांत त्याच्या नावावर पाच खरेदीखतं निघाली. सगळ्या रकमा रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, निम्म्याहून कमी, आणि पाचही जमिनी अजून मूळ मालकच कसत होते. त्यातले दोघे जबाब द्यायला तयार झाले. तिथून चौकशीचा सूर बदलला.

तुमच्या बाबतीत ताबा अजून आबांकडे आहे, हा फार मोठा पुरावा आहे. जमीन खरंच विकली असती तर बाग कोण सांभाळत बसलं असतं? ई-पीक पाहणीची नोंद, ठिबकची आणि औषधाची बिलं, मोटारीचं वीजबिल, व्यापाऱ्यानं माल नेल्याच्या पट्ट्या, खरेदीखताच्या तारखेनंतरचं सगळं गोळा करा. बँकेतून किंवा फोनवरून दिलेल्या हप्त्यांचा उतारा काढा. दरमहा ठरलेल्या सुमारास तेवढेच वीस हजार जाताना दिसले की वेगळं सांगावं लागत नाही. रोख दिलेल्याची घरात कुठे टिपणी आहे का पाहा. आमच्या चुलतीनं दळणाच्या वहीत मागच्या पानावर तारखा लिहिल्या होत्या, ती वही शेवटी कामाला आली. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड असेल तर मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते वकील करून देतील.

पोलिसांकडे जाल तेव्हा "ही दिवाणी बाब आहे" हे ऐकायची तयारी ठेवा. आम्हालाही एका ठाण्यात तेच ऐकवलं. नुसती फसवणूक न लिहिता विनापरवाना सावकारी, कोरे चेक आणि बाग खाली करण्याची धमकी असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ठाण्यात तक्रार नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. निबंधकांना झडतीचे अधिकार आहेत. तुमचे कोरे चेक आणि दुसऱ्यांचे दस्त एकाच कपाटात सापडले, तर अर्धं काम तिथेच होतं.

चेकचं मात्र आजच मनावर घ्या. तो रक्कम भरून चेक टाकणार. चेक परतल्यावर त्याची नोटीस आली की पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस घेणं टाळू नका, वकिलामार्फत सगळी हकीकत लिहून उत्तर द्या. कोरा चेक होता एवढंच सांगून सुटका होत नाही. सही आबांची असेल तर देणं होतं असं कायदा आधी धरून चालतो, आणि ते खोडून काढणं आपल्यावर येतं.

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर त्याचं नाव लावण्याची नोंद, मंजूर झाला का, ते तुम्ही लिहिलं नाही. नोंद अजून प्रलंबित असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मुदत साठ दिवस. फेरफारानं मालकी ठरत नाही, पण कोरा सातबारा पाहून तिसरा माणूस फसतो आणि गुंता वाढतो. जमीन पुढे विकण्याची चाहूल असेल तर निबंधकांच्या आदेशाची वाट न बघता दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागा. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला, ज्या दिवशी हे कळलं त्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत आहे, ती निबंधकांकडच्या पंधरा वर्षांशी गल्लत करू नका. दस्त नुसता नावापुरता होता हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्येच सांगितलंय. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आईचं नाव जमिनीत असेल तर त्यांना, बाई म्हणून, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दोन गोष्टी करू नका. एक, आता रोख एक रुपयाही देऊ नका. दुसरी, "चार माणसांत मिटवू" म्हणून नोटरीच्या नव्या कागदावर सही करू नका. त्या कागदात बहुतेक वेळा "स्वखुशीने विकली" असं एक वाक्य घातलेलं असतं.

खरेदीखताची तारीख, त्यातली रक्कम आणि फेरफाराची स्थिती एवढं इथे कळवा. त्या माणसाचं नाव किंवा गट नंबर इथे लिहू नका. अर्जाचा मसुदा करताना आमच्या अर्जात काय राहून गेलं होतं ते सांगतो.