शंका तुमच्या, खटपट आमची: प्रिंट स्क्रीन दाबलं तरी ढिम्म!

प्रश्न: नमस्कार. घरात 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि जड डेस्कटॉप नको म्हणून आयथ्री घेतलं. मस्त पळतोय. पण प्रिंट स्क्रीन दाबून काहीच होईना, मग शोधाशोध करून आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) स्क्रॉट या स्क्रीनशॉट काढणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ टाकली. आता अख्ख्या स्क्रीनचा फोटो निघतो, पण चौकोन आखून तेवढाच भाग घ्यायचा म्हणून -एस लावलं की परत ढिम्म. आणि तीच कमांड टर्मिनलमध्ये टाईप केली की बिनबोभाट चालते! बटण गेलंय का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: बटण ठणठणीत आहे हो, नाहीतर अख्खा स्क्रीन तरी कसा निघाला असता. आणि सुरुवातीला काही झालं नाही त्यात नवल नाही, आयथ्री म्हणजे नुसता विंडो मॅनेजर, खिडक्या मांडून देणार आणि तुम्ही सांगाल ते बटण ऐकणार, प्रिंटचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरी मेख -एसमध्ये आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा आयथ्रीने ते एक्स सर्व्हरकडे (स्क्रीन, कीबोर्ड, माउस सांभाळणारा प्रोग्राम) आधीच राखून ठेवलेलं असतं, त्यामुळे बोट बटणावर आहे तोवर अख्खा कीबोर्ड आयथ्रीच्या ताब्यात. स्क्रॉट तेवढ्यात सुरू होतो आणि त्यालाही चौकोन आखताना कीबोर्ड स्वतःकडे हवा असतो, मधेच रद्द करता यावं म्हणून. तो मागतो, एक्स सांगतो की सध्या दुसऱ्याकडे आहे, आणि स्क्रॉट गुपचूप निघून जातो. तक्रार करतो, नाही असं नाही, पण ऐकायला समोर टर्मिनलच नसतं! आणि टर्मिनलमधून चालवता तेव्हा कीबोर्ड कोणी अडवून धरलेला नसतो, म्हणून तिथे चालतं.

उपाय एका शब्दाचा आहे. बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर कमांड चालव असं आयथ्रीला सांगायचं:

बाइंडसिम --रिलीज शिफ्ट+प्रिंट एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी स्क्रॉट -एस

(इथे उच्चार दिलेत, टाईप करताना अर्थात इंग्रजीत, शिफ्ट आणि प्रिंटचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी सगळं छोटं.) काहीजण कमांडच्या आधी स्लीप 0.2 लावतात, तेही चालतं, पण बोट जरा जास्त वेळ राहिलं की परत तेच, त्यामुळे मला तो जुगाडच वाटतो. आयथ्रीच्या युजर गाईडमध्येसुद्धा --रिलीजचं उदाहरण स्क्रीनशॉटचंच आहे, फक्त तिथे इमेजमॅजिक या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधली इंपोर्ट ही कमांड वापरलीय. नो-स्टार्टअप-आयडी गाळू नका, नाहीतर फोटो कधीच निघालेला असतो आणि माउसचा कर्सर मात्र 60 सेकंद घड्याळ दाखवत बसतो. मग मॉड (आयथ्रीसाठी तुम्ही निवडलेलं बटण)+शिफ्ट+सी दाबून कॉन्फिग रीलोड करा. लॅपटॉपवर प्रिंट दाबायला एफएन लागत असेल तर आधी टर्मिनलमध्ये एक्सइव्ही (दाबलेल्या बटणाचं नाव दाखवणारा प्रोग्राम) चालवून बटण दाबून बघा, तिथे प्रिंट हे नाव दिसलं पाहिजे.

फाइल कुठे गेली म्हणून शोधत बसू नका, वेगळा फोल्डर सांगितला नाही तर बहुतेक वेळा होममध्येच पडते.

जाता जाता, याच बटणाला सिस-रिक्वेस्ट असंही म्हणतात. ऑल्ट आणि हे धरून ठेवून बी दाबलं आणि कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ती सोय चालू असेल, तर मशीन काही न विचारता तडक रीबूट होतं, सेव्ह न केलेलं सगळं गेलं. तेव्हा ऑल्टवाला शॉर्टकट नकोच.

प्रश्न: फाइल नको, स्क्रीनशॉट थेट चॅटमध्ये पेस्ट करायचाय. मेम (स्क्रॉटसारखाच स्क्रीनशॉटचा प्रोग्राम) वापरतोय, त्यातून निघालेलं पाइप करून, म्हणजे मधे उभी रेघ टाकून, थेट एक्सक्लिप या क्लिपबोर्डवर टाकणाऱ्या प्रोग्रामला देतो, पण पेस्ट केलं की एकतर काहीच नाही नाहीतर आधीचंच काहीतरी येतं.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: दोन गोष्टी राहिल्यात. एक्सक्लिपला काही सांगितलं नाही तर तो माल प्रायमरीत ठेवतो, म्हणजे माउसच्या मधल्या बटणाने पेस्ट होतं ते, कंट्रोल+व्हीवालं नाही. म्हणून -सिलेक्शन क्लिपबोर्ड लावा. आणि -टी इमेज/पीएनजी लावा, नाहीतर तो चित्राला मजकूर समजतो. एक्समध्ये क्लिपबोर्ड म्हणजे काही डबा नाही की टाकलं आणि राहिलं, ज्याने कॉपी केलं त्यानेच मागणाऱ्याला द्यायचं असतं. मेम फोटो काढून संपून जातो, म्हणून एक्सक्लिप मागे थांबून राहतो, पुढचं काही कॉपी होईपर्यंत. प्रोसेसच्या यादीत तो दिसला तर अडकलाय समजून मारू नका, फोटो त्याच्याच हातात आहे!

प्रश्न: वरचीच पाइपवाली कमांड ओपनबॉक्स या दुसऱ्या विंडो मॅनेजरच्या आरसी डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकली, चालत नाही. आणि मित्राकडे स्वे हा विंडो मॅनेजर आहे, त्याच्याकडे तर मेमच चालेना.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: ओपनबॉक्स कमांड शेलमधून (टर्मिनलमधल्या कमांड समजून घेणारा प्रोग्राम) चालवत नाही, त्यामुळे पाइपची उभी रेघ त्याला कळतच नाही. कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाका, सीएचमॉड कमांडने चालवण्याची परवानगी द्या, आणि एक्झिक्यूटमध्ये त्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा. आयथ्री शेलमधूनच चालवतो म्हणून तिथे हा त्रास नाही.

मित्राचं प्रकरण वेगळंय. स्वे एक्सवर नाही, त्याच्या जागी आलेल्या वेलँडवर चालतो आणि तिथे एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी अशी सहज बघता येत नाही. एक्सवर कोणीही कोणाचंही बघू शकतं, खरं तर तेच धोक्याचं. त्याला ग्रिम आणि स्लर्प टाकायला सांगा, स्लर्प चौकोन आखतो, ग्रिम फोटो काढतो, आणि एक्सक्लिपच्या जागी डब्ल्यूएल-कॉपी. कॉन्फिगमधलं बाइंडसिम मात्र तसंच राहतं, स्वेने ती पद्धत आयथ्रीचीच उचललीय.