डाएट कोल्ड्रिंक: रोज एक कॅन चालेल का?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे, गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. नेहमीचं कोल्ड्रिंक बंद केल्यापासून रोज रात्री जेवताना डाएट कोलाचा एक कॅन पितात, त्यात साखर नाही ना मग काय बिघडतं म्हणतात. दीर म्हणतात त्याने कॅन्सर होतो, त्यांना तसा मेसेज आलाय. घरात रोज वाद होतात. शिवाय माझा आठ वर्षांचा मुलगाही आजोबांच्या कॅनमधून घोट घेतो. नक्की खरं काय?

उत्तर: तुमच्या दीरांचा मेसेज अगदीच हवेतला नाही, पण अर्धवट आहे. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अस्पार्टेम, म्हणजे डाएट कोलात बहुतेक वेळा असतं ते स्वीटनर, 'कॅन्सर होण्याची शक्यता असू शकते' अशा 2बी गटात टाकलं. आता गंमत बघा, त्याच गटात आशियातल्या पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्या पण आहेत. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, आणि इथे पुरावा तुटपुंजाच आहे. त्याच वेळी अन्नात घातले जाणारे पदार्थ तपासणाऱ्या दुसऱ्या समितीने अस्पार्टेमची रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम. म्हणजे 70 किलोच्या माणसाने रोज नऊ ते चौदा कॅन रिचवले तर ती ओलांडेल, तेही बाकी कशातून अस्पार्टेम पोटात जात नसेल तर. सासरे एकच पितात, त्यामुळे कॅन्सरवरून भांडण नको.

साध्या कोलाच्या 300 मिलीत साधारण 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे, तेवढी तर त्यांची नक्की वाचली. पण डाएट कोला म्हणजे औषध नव्हे. मे 2023 मध्ये त्याच संघटनेने सांगितलं की वजन कमी करायला असल्या स्वीटनरवर विसंबू नका, दीर्घकाळ फायदा दिसत नाही (आधीपासून डायबेटिस असणाऱ्यांना हा सल्ला लागू नाही, तरी वाचून ठेवा). भरपूर डाएट पेय पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसतो असंही काही अभ्यासांत आलंय, पण मुळात वजन वाढलेली माणसंच डाएटकडे वळतात, त्यामुळे दोष कोणाचा हे सांगणं अवघड. माझ्याकडे येणारे एक काका मिसळीबरोबर दोन पाव जास्तीचे घेतात, कारण काय तर "कोला डाएट घेतलाय ना!" आता याला काय म्हणायचं?

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सासऱ्यांना इन्सुलिन आहे, कधी साखर घसरली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला आणि कोणी घाईत फ्रिजमधला तोच कॅन हातात दिला तर काहीच उपयोग नाही, कारण त्यात साखरच नाही! शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, 70 च्या खालीच असेल तर परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखाना गाठा. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मुलालासुद्धा.

मुलाचं म्हणाल तर कॅनची मागची बाजू फिरवून बारीक अक्षरं वाचा, मुलांसाठी शिफारस नाही असं तिथे छापलेलं सापडेल. चुकून घेतलेल्या एका घोटाने काही होणार नाही हो, पण त्यात कॅफिन आहे, दात झिजवणारं अ‍ॅसिड आहे आणि मुख्य म्हणजे जेवताना गोडच प्यायचं ही सवय लागते. कॅफिनचं सासऱ्यांनाही लागू आहेच, रात्री झोप लागत नसेल तर कॅन दुपारी घ्यायला सांगा. आणि मुलाला आजोबांसारखं फसफसणारंच हवं असेल तर साधा सोडा, अर्धं लिंबू, चिमूटभर जिरेपूड असं करून द्या, आजोबांनाही कदाचित आवडेल, फक्त बीपी असेल तर त्यांच्या ग्लासात मीठ टाकू नका.