लेणं दागिन्याचं नव्हे, विसाव्याचं

प्रश्न असा आहे: 'अजिंठ्याच्या लेण्या' म्हणावं की 'अजिंठ्याची लेणी'? आणि लेणं म्हणजे डोंगराच्या अंगावरचा दागिना, ही व्युत्पत्ती खरी का?

पहिल्याचं उत्तर सोपं. एक तळं, अनेक तळी; तसं एक लेणं, अनेक लेणी. 'लेण्यांत', 'लेण्यांचा' ही सामान्यरूपं पाहून कुणीतरी 'लेण्या' बनवल्या, आणि आता 'ही लेणी केवढी मोठी आहे' असं एकवचनही सर्रास ऐकू येतं. दर वेळी कानाला खटकतं. 'गुहा' तर नकोच. गुहा सापडते, लेणं खोदावं लागतं.

दागिन्याची गोष्ट मला साफ नामंजूर आहे, मग ती कितीही मोठ्या विद्वानाने सांगो. अंगावर लेतात ते लेणं निराळं. डोंगरातलं लेणं आलं 'लयन' या संस्कृत शब्दावरून. 'ली' म्हणजे बिलगणं, दडणं, विसावणं. आलय, निलय, लीन, तल्लीन ही सगळी याच धातूची लेकरं. प्राकृतात 'अय'चा 'ए' अनेकदा होतो. त्रयोदशचं तेरा झालं, तसं लयनचं लेण. आणि पालीत 'लेण' म्हणजे आसरा, इतका की निर्वाणाच्या नावांतही तो शब्द येतो! भिक्षूच्या खोलीला आणि त्याच्या अंतिम ध्येयाला एकच नाव.

पुरावा कातळातच आहे. पश्चिम भारतातला शक राजा नहपान क्षत्रप, त्याचा जावई उषवदात कार्ल्याच्या शिलालेखात करजिक नावाचं गाव दान देतो. कुणाला? 'वलूरकेसु लेणवासिनं पवजितानं', म्हणजे वलूरकच्या (आजच्या कार्ल्याच्या) लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांना, घर सोडलेल्या भिक्षूंना, त्यांच्या निर्वाहासाठी. लेणवासी! दागिन्यात वस्ती कोण करतं? दागिनावाल्यांनी हा एक शब्द वाचला असता तरी वाद मिटला असता.

त्याहून गंमत नाशिकला. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात याच उषवदाताचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. सुरुवात थाटात, संस्कृत वळणाची: राजा, क्षत्रप, जावई, तीन लाख गायींचं दान. पण त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे याच पांडवलेण्यांच्या डोंगरावर, नेमकं काय केलं हे सांगायची वेळ आली तेव्हा लिहिलंय, 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो'. हे लेणं करवलं आणि या पोढ्या. 'लयनं' लिहायला काय हरकत होती? पण लोकांच्या तोंडी लेणंच होतं, म्हणून संस्कृताच्या थाटातही तेच उमटलं.

पोढी म्हणजे लेण्याशेजारी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. पाणी नसेल तर कड्यावर वर्षभर राहणार कसं? म्हणून लेखांत लेण्याबरोबर पोढीचं दानही आवर्जून नोंदलेलं दिसतं. आज आपण तिला टाकं म्हणून मोकळे होतो. पोढी म्हणा. लेण्याची जोडीदारीण आहे ती.