चंद्रपुरात जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधावं का?

तुम्ही लिहिलंय की पठाणपुऱ्याकडे आजोबांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर आहे, भिंती मातीच्या आहेत, ते पाडून स्लॅब टाकायचा विचार आहे. उन्हाळ्यात कितपत त्रास होईल आणि वरून पांढरा रंग मारला तर भागेल का, असं विचारलंय.

त्रास होतो. रंगाने थोडं भागतं. पण मला आधी तुम्हालाच एक विचारायचं आहे. तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं? नकाशा काढताना तिला बोलावलं होतं का?

मला बोलावलं नव्हतं. 2011 मध्ये आमचं घर पाडलं, तेव्हा मी बावीस डबे करत होते. सकाळी नऊपर्यंत दुपारचे, संध्याकाळी सातपर्यंत रात्रीचे. घराला लागलेल्या पैशात या डब्यांचा पैसाही होता. नकाशा मात्र यजमान, भाऊजी आणि ठेकेदार या तिघांनी पुढच्या खोलीत बसून काढला. चहा घेऊन गेले तेव्हा मला कळलं की स्वयंपाकघर पश्चिमेला जातंय. रस्ता पूर्वेला, म्हणून हॉल पूर्वेला. मग झोपायच्या खोल्या. उरलेल्या कोपऱ्यात ओटा.

मी म्हटलं, पश्चिमेची भिंत चार वाजता तव्यासारखी तापते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक्झॉस्ट लावून देऊ नं." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माजघर तेवढं ठेवा रे. उन्हाळा कुठं काढू मी?" त्यावर उत्तर आलं की आता गावात कोण कवेलूत राहते, पोरांची लग्नं जमवायची आहेत.

ते माजघर कसं होतं सांगते. मातीची भिंत दीड हात जाड. वर लाकडी पाटणीचा माळा, त्यावर मातीचा थर आणि त्याच्या वर कवेलू. दिवसभराचं ऊन त्या भिंतीतून आत यायला संध्याकाळ उजाडायची, आणि तोवर आम्ही खाटा अंगणात टाकलेल्या असायच्या. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. बाहेर लू वाहत असताना आत सासूबाई शेणाने सारवलेल्या जमिनीवर उशी टाकून गाढ झोपायच्या. कूलरसुद्धा नव्हता त्या खोलीत.

स्लॅबचं उलटं असतं. पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते घरात सोडतं. स्लॅबच्या घरात सगळ्यात वाईट वेळ दुपारची नसते, रात्री आठ ते बाराची असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा तिशीच्या आसपास असतो, त्यामुळे स्लॅबला निवायला वेळच मिळत नाही, आणि सकाळी सहाला पुन्हा ऊन.

स्वयंपाकघरात तर कूलरही चालत नाही. कूलर लावला की गॅसची ज्योत विझते, पंखा लावला की ज्योत वाकडी होऊन भांड्याच्या बाहेर जळते. म्हणजे ज्या खोलीत आग आहे तिथे वाराच नाही. वरची पाण्याची टाकी काळी. तीन वाजता नळाला येणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही, त्या पाण्याने भाजी कशी धुणार? एक्झॉस्ट लावला, पण तो गरम हवाच ओढणार, कारण खिडकीबाहेरही पश्चिमेचंच ऊन.

2019 च्या मे महिन्याच्या शेवटी चंद्रपूरचा पारा 48 ला टेकला, ते तुम्हालाही आठवत असेल. त्या आठवड्यात संध्याकाळच्या पोळ्या लाटताना मी ओट्याजवळच पडले. दोन दिवस सलाइन. डॉक्टरांनी विचारलं, उन्हात फिरलात का? मी चार दिवस घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर मी छोटा तापमापक आणून ओट्यावर टांगला. चार वाजता, गॅस बंद असताना, 43. तो आकडा मी रोज कॅलेंडरवर लिहायला लागले. वहिनी उगाच कुरकुर करतात, हे वाक्य त्यानंतर या घरात कोणी बोललं नाही.

2021 मध्ये मी माझ्या पैशाने मागच्या अंगणात, पूर्वेच्या उरलेल्या पट्टीत, कवेलूची छपरी काढली आणि ओटा तिथे नेला. आमचे जुने कवेलू तर घर पाडताना मलब्यात गेले होते, हजारोंनी. त्यामुळे परकोटाच्या आत कुणाचं तरी घर पडत होतं, तिथून विकत आणले. बाहेर 46 असतानाही छपरीत त्या जुन्या ओट्यापेक्षा बरं असतं. एवढा गारवा माझ्या हक्काचा होता, आणि तो मिळवायला मला दहा वर्षं लागली. सासूबाईंना ती छपरी बघायला मिळाली नाही.

आता तुमच्या रंगाबद्दल. चुना मारा, नक्की मारा. कळीचा चुना रात्रभर ड्रममध्ये भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल घालून होळीच्या आधी तीन हात द्यायचे. हाताला आणि डोळ्याला जपा. फरक जाणवतो. पण आपलं गाव कोळशाचं आहे. खाणींची धूळ आणि वीज केंद्राची राख, दोन्ही गच्चीवर येऊन बसतात. मेच्या मध्यापर्यंत पांढरा चुना करडा होतो आणि करडा झाला की तापतो. म्हणून माझं मत, पैसे असतील तर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा. आठवड्याला झाडूपाणी केलं की पुन्हा पांढरं. गच्चीवर पाणी मारायचं ते सूर्य मावळल्यावरच, आणि मेमध्ये नळाला पाणी किती येतं ते बघून. खालून पीओपीचं छत लावण्याच्या भानगडीत पडू नका. ऊन वरच अडवायचं असतं. एकदा ते स्लॅबमध्ये शिरलं की खाली काहीही लावून फारसा उपयोग नाही. एसी एका खोलीपुरता ठीक आहे, स्वयंपाकघरात कोणी लावत नाही.

कूलर ज्या खिडकीत लावाल त्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घराची वाफाळलेली न्हाणी होते. आणि मृगाचा पाऊस पडला की कूलर बिनकामाचा, तेव्हा स्लॅब अजून तापलेलाच असतो. ते पंधरा दिवस सगळ्यात कठीण.

आता कवेलूची बाजू घेऊन मी इतकं बोलले, तर त्याचंही खरं सांगायला हवं. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरावे, म्हणजे उतरवून पुन्हा रचावे लागतात आणि ते फेरणारी माणसं आता शोधावी लागतात. वानरांची टोळी एकदा नाचून गेली की पन्नासेक तरी फुटतात. लाकडाला उधई लागते, माळ्यावर विंचू निघतो. तुमचं घर इरई किंवा झरपट नदीच्या पुराच्या पट्ट्यात असेल तर मातीची भिंत ठेवूच नका. 2022 चा पूर पाहिलाय आपण, भिजलेली मातीची भिंत बसायला वेळ लागत नाही. आणि स्लॅबवर वाळवण उत्तम होतं, कुरडया एका दिवसात खडखडीत, हेही खरं.

पण कवेलू गळतो म्हणून स्लॅब टाकतोय, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आमचा स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळला. ठेकेदार मोकळा होता म्हणून एप्रिलमध्ये ओतला, पाण्याची टंचाई म्हणून तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, पाचच दिवस केली. आपल्या उन्हात दहा दिवसांच्या खाली तराई चालत नाही, आणि राख मिसळलेलं (पीपीसी) सिमेंट असेल तर चौदा दिवस वर पाणी तुंबवून ठेवायला हवं. तुम्ही टाकणारच असाल तर डिसेंबर-जानेवारीत टाका.

मला विचाराल तर पुढचा भाग पाडा, तिथे स्लॅब टाका, पाहुणे बसवा. माजघराच्या भिंती धड असतील तर त्या आणि त्यांच्यावरचे कवेलू राहू द्या. ओटा पश्चिमेला नेऊ नका. आणि काहीच ठेवणार नसाल, तरी मजूर वर चढायच्या आधी कवेलू एकेक करून उतरवून भिंतीशी उभे रचून ठेवा. मला लागले तर मी घेऊन जाईन.