घाट, न्यूट्रल आणि ब्रेक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं का? ब्रेकला काही होतं का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. पेट्रोल वाचत नाही. फ्युएल इंजेक्शनची गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. म्हणजे बचत शून्य, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर. चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, पकडणारे पॅड सतत दाबून ठेवले की तापतात, त्यांची पकड कमी होते. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलपर्यंत डिस्कची उष्णता पोचली की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल गपकन खाली जातं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकचे किती अपघात झाले ते पुणेकरांना सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रल, हे कारण तिथे पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. काही बहाद्दर इंजिनच बंद करतात! मग पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरताच जोर उरतो आणि पेडल दगडासारखं होतं.

ज्या गियरमध्ये चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. वळणाआधी ब्रेक नीट दाबा, वेग उतरला की सोडा. नुसता पाय ठेवून बसू नका. जळकट वास आला तर मोकळ्या जागी थांबा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. नंतर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढचा घाट नको.

प्रश्न : ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे. तरी बदलायचं?

हो, साधारण दोन वर्षांनी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. कोकणातल्या दमट हवेत तर टाळाटाळ नकोच. पातळी वारंवार उतरत असेल, तर नुसती भर घालू नका. पॅड आणि गळती तपासून घ्या.

प्रश्न : रात्रभर पाऊस झाला की सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात.

डिस्कवरचा गंज. आपोआप जातो.

प्रश्न : बाइकचा पुढचा ब्रेक पावसात वापरू नये म्हणतात.

कोण म्हणतं? दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत. भर वळणात मात्र दाबू नका.

प्रश्न : प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘ब्रेक पॅकेज’चे वेगळे पैसे लावतात. द्यावेत का?

आधी चाक काढून पॅड दाखवायला सांगा. घासायचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदला. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मागच्या ड्रममधली धूळ काढण्यात अर्थ आहे. चकचकीत स्प्रे मारून बिल फुगवण्यात नाही. शंका वाटली तर दुसऱ्या गॅरेजमध्ये विचारा.

प्रश्न : तीन महिन्यांपासून ब्रेक दाबला की चिरका आवाज येतो. पण गाडी थांबते.

तीन महिने! पॅड संपत आल्याची खूण म्हणून पॅडवर बसवलेली पत्री डिस्कला घासत असेल. धातूवर धातू आला तर डिस्कही जाईल. उद्या सकाळी गॅरेज उघडताच जा, आणि सावकाश जा.