सगळे ‘मस्त’ म्हणाले की माझं मत कुठे जातं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात नवीन आहात, प्रेझेंटेशन संपल्यावर सगळे एका सुरात ‘मस्त’ म्हणाले की तुम्हाला खटकलेलं तोंडातून बाहेरच पडत नाही, तर हा भित्रेपणा का? मुळीच नाही. खोट विचारणाऱ्याच्या पद्धतीत आहे. गोल करून बसवायचं आणि सगळ्यात ज्येष्ठ माणसाला आधी बोलू द्यायचं. मग पुढे ऐकू येतं ते त्याचंच मत, आवाज तेवढे वेगळे.

मी ठाण्यात हौशी नाटकांचं म्युझिक ऑपरेट करते. क्यू, म्हणजे ठरलेली खूण, आली की संगीत वाजवायचं, हे माझं काम. स्पर्धेआधी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये एकांकिकेची तालीम होती. शेवट असा: मुलगा वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडतो आणि एकेक कपड्याची घडी घालत बसतो. संवाद नाही, मागे फक्त पंख्याची घरघर. पण मुलगा जमिनीवर आणि ट्रंकचं झाकण प्रेक्षकांच्या बाजूला उभं! मागच्या खुर्च्यांना दिसणार काय, तर पत्रा. पाहायला बोलावलेल्यांपैकी दोघं तेव्हा मोबाइल बघत होते.

नंतर गोल झाला. आमचे एक ज्येष्ठ काका पहिले बोलले, “शेवट अंगावर आला रे!” झालं. मग तो सगळ्यांच्याच अंगावर आला, त्या मोबाइलवाल्यांच्यासुद्धा. मी ट्रंकचं काढलं तर आमचे दिग्दर्शक दादा म्हणाले, “तुझं लक्ष क्यूकडे असतं गं, तुला काय कळणार!” हशा.

पुढच्या तालमीला मी जुन्या क्यू शीट फाडून पाठकोरे तुकडे वाटले, तेही चहाच्या आधी, कारण खरी कुजबुज चहालाच सुरू होते. नाव नको, आधी लिहा, मग बोला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत ट्रंक होती. एकीत लिहिलं होतं, “तो खाली बसून काय करतोय? रडतोय का?” दादा भडकले. “चिठ्ठ्या म्हणजे निनावी पत्रं. ज्याला तोंड आहे त्याने तोंडावर बोलावं. आणि कलेत मतदान नसतं!” हा वाद आमच्यात तलावपाळीवर अजूनही होतो.

तोंडावर बोलण्याचं म्हणाल, तर सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास कॉलेजच्या मुलांना कोणती रेषा कोणत्या रेषेएवढी आहे, इतकंच विचारलं होतं. आधीच्या सगळ्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की खरा परीक्षार्थी साधारण तीनातून एकदा तेच चुकीचं उत्तर देई. तिथे ना कोणाचा रोल जाणार होता, ना कोणाचं अप्रेझल. नंतर काही म्हणाले, आपलेच डोळे फसले असं वाटलं; काहींना सगळं दिसत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. तुमचं यातलं कोणतं, ते तुम्हीच बघा. उत्तर कागदावर घेतलं, किंवा आधी कोणी एक जण बरोबर बोलला, की चुका एकदम कमी होत.

मतदानाचं म्हणाल, तर १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत लोकांनी बैलाच्या वजनाचे अंदाज तिकिटांवर लिहिले. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ७८७ तिकिटं तपासली. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. आधी उठून भाषण कोणीच केलं नव्हतं.

बैलाला वजन असतं, नाटकाला नसतं, हे दादांचं मला मान्य आहे. शेवट आवडला का, हे चिठ्ठ्यांनी ठरवू नये. पण कपडे दिसले का, याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं.

एक राहिलं. लहान ग्रुपमध्ये अक्षर ओळखू येतं. एका मुलीचं दादांनी ओळखलं आणि नंतर बरेच दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तेव्हा टाइप करून घ्या. ऑफिसात तेही जमत नसेल, तर मीटिंगआधीच आपला मुद्दा साहेबांना मेल करून मोकळे व्हा, किंवा तुमच्यासारखंच खटकलेला एखादा गाठा.

प्रयोगाला ट्रंक लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर गेली, झाकण विंगेकडे वळलं. दादा म्हणतात, ते त्यांना स्वतःलाच सुचलं. असेल. पण सुचलं ते चिठ्ठ्या वाचल्यावर, काकांच्या अंगावर शेवट आला तेव्हा नाही.