वाचकांचे प्रश्न : समर टायर घ्यावेत की ऑल-सीझन?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गाडी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, समर टायर (उबदार हवेसाठीचे), मापाने २२५/४० आर १८. वर्षाला १२,००० मैल होतात. गाडी बारा महिने उघड्यावर असते आणि टायरचा दुसरा सेट ठेवायला जागा नाही. पुढचे दोन टायर गोटा व्हायला आलेत. पुढे फक्त ऑल-सीझन (बारमाही) टाकले तर चालेल का?

उत्तर : नाही, हे मुळीच करू नका. थंडीतल्या पावसात पुढचे ऑल-सीझन रस्ता धरतील, पण मागच्या समर टायरचं रबर कडक झालेलं असेल. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते आणि गाडी गर्रकन फिरते. चारही टायर एकाच मॉडेलचे घ्या.

कोणते घ्यायचे, हे पावसावर नाही, तापमानावर ठरतं. समर टायर पावसात घसरतो हा गैरसमज आहे. उबदार हवेत ओल्या रस्त्यावर त्याचीच पकड सरस असते. अडचण सुरू होते साधारण ७ अंश सेल्सिअसच्या (४५ फॅरनहाइट) खाली. उणे ७ च्या आसपास तर उभ्या गाडीचे टायर नुसते हलवले तरी रबराला तडे जाऊ शकतात, आणि तडा गेलेला टायर दुरुस्त होत नाही. तुमची गाडी जानेवारीतही बाहेरच असते, म्हणून तुम्हाला परफॉर्मन्स ऑल-सीझनच (वेगवान गाड्यांसाठीचे बारमाही टायर) योग्य.

त्याच्या नक्षीत बारीक चिरा जास्त असतात. त्या बर्फ धरतात, पण जुलैच्या तापल्या डांबरावर रबराचे ठोकळे थोडे हलतात. स्टीअरिंगची धार किंचित बोथट होईल, कोरड्यात ब्रेकिंगचं अंतर थोडं वाढेल. रोजच्या वापरात हे सोसण्याजोगं आहे. ट्रॅकवर जात असाल तर खटकेल.

या प्रकारातल्या मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ वर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असतं, म्हणजे तो बर्फातल्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) पाहून घेऊ नका, ते फक्त नक्षीच्या रचनेबद्दल सांगतं. कॉन्टिनेंटलच्या डीडब्ल्यूएस ०६ प्लसवर डी (कोरडा रस्ता), डब्ल्यू (ओला), एस (बर्फ) ही अक्षरं कोरलेली असतात. ‘एस’ झिजून गेलं की बर्फाचा भरवसा संपला.

नक्षीची खोली ६/३२ इंचाखाली गेली की बर्फात ऑल-सीझनही निकामी. कायद्यातल्या किमान २/३२ इंचाची वाट पाहू नका. पारा १० फॅरनहाइटने उतरला की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयने (दाबाचं एकक) घटते. ती सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. नवे टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंकही वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं : ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा.

प्रश्न : पुण्यात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला ऑल-सीझन घ्यावेत का?

उत्तर : गरज नाही. पुण्यात दिवसाचा रस्ता हिवाळ्यातही उबदार असतो. चांगले समर टायर घ्या, आणि पावसाळ्याआधी नक्षीची खोली ३ मिमीच्या खाली गेली असेल तर बदला. त्याहून कमी खोलीत चर पाणी पुरेसं बाहेर फेकत नाहीत आणि एक्स्प्रेसवेवर टायर पाण्यावर तरंगू लागतो.